दोन घरचा पाहुणा

जांबोटीच्या बाजारपेठेत उभे राहिले की एक रस्ता खानापूरला जातो, दुसरा बेळगावला आणि तिसरा कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात. बेळगावच्या रस्त्याने पुढे शिनोळी गाठली की महाराष्ट्र लागतो. म्हणजे घाटमाथ्यावरच्या माणसाला तीन राज्यांची सरकारे हाकेच्या अंतरावर आहेत. या तिन्ही सरकारांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत गरिबांसाठी आरोग्य योजना काढल्या, त्यांना थोरामोठ्यांची नावे दिली आणि लाखांच्या रकमा जाहीर केल्या. असे असूनही घरात कुणी आजारी पडले की जांबोटीच्या पंचक्रोशीतला शेतकरी आधी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जातो, नाहीतर सावकाराकडे, नाहीतर बायकोच्या गळ्यातल्या डोरल्याकडे पाहतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्या वाडवडिलांनी लिहून ठेवली तेव्हा त्यांच्यासमोर सीमाभाग नव्हता. नसला तरी ती आम्हांला चपखल बसते.

२०२४ च्या जुलै महिन्यात भीमगड अभयारण्यातल्या आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी लाकडाची डोली करून भर पावसात जंगलातून काही किलोमीटर खांद्यावरून वाहून आणले आणि रुग्णवाहिकेपर्यंत पोचवले. छायाचित्रे सगळीकडे छापून आली. बेंगळूरपर्यंत चर्चा झाली. त्यानंतर मंत्री आले, अधिकारी आले, जंगलातली गावे बाहेर हलवण्याचा आणि कुटुंबामागे १५ लाख रुपये देण्याचा प्रस्ताव पुढे सरकला. २०११ साली अभयारण्य जाहीर झाल्यापासून त्या गावांना पक्का रस्ता मिळत नाही, कारण वनखात्याची हरकत असते. पुनर्वसन करावे की रस्ता द्यावा, हा वाद स्वतंत्र आहे आणि त्यावर आम्ही पुन्हा केव्हातरी लिहू. आज मुद्दा एवढाच की डोलीतल्या त्या माउलीच्या घरी जर बीपीएल रेशनकार्ड असेल तर कागदोपत्री तिला वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचा हक्क होता. पाच लाखांचे कार्ड घरात आणि दवाखान्याला जायला चार माणसांचे खांदे, अशी ही अवस्था आहे.

प्रथम महाराष्ट्राच्या योजनेविषयी. कारण तिच्यावरून जेवढा गदारोळ झाला तेवढा दुसऱ्या कशावरून झाला नाही. महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर नेण्यात आली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्नाने पुन्हा पेट घेतला, दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले आणि नागपूरच्या अधिवेशनात महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांविषयीचा ठराव एकमताने मंजूर केला. त्या पाठोपाठ २०२३ च्या आरंभी याच ८६५ गावांतल्या कुटुंबांना महात्मा फुले योजनेत घेण्याचा निर्णय मुंबईत झाला आणि ५४ कोटी रुपयांची तरतूद सांगण्यात आली. हिशेब मांडला तर गावामागे सव्वासहा लाखांच्या आसपास रक्कम पडते. एका गावात हृदयाच्या तीन-चार शस्त्रक्रिया झाल्या की ती संपली. पण विम्याचे गणित असे मांडायचे नसते. सगळे आजारी पडत नाहीत म्हणूनच विमा चालतो. २०२० सालच्या करारात महाराष्ट्र सरकार विमा कंपनीला कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये हप्ता देत होते, हे लक्षात घेतले तर ५४ कोटी ही काही हिणवण्यासारखी रक्कम नव्हती.

त्यावर कर्नाटकात काय झाले ते वाचक जाणतातच. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी कडाडून विरोध केला, विरोधी बाकांवरून त्यांचाच राजीनामा मागण्यात आला आणि आपल्या हद्दीत दुसऱ्या राज्याची योजना चालू देणार नाही, यावर दोन्ही पक्षांची स्पर्धा लागली. सरकार बदलले तरी धोरण बदलले नाही. २०२४ च्या जानेवारीत बेळगाव परिसरातली अर्ज भरून घेणारी केंद्रे प्रशासनाने बंद पाडली. तिथे काय चालले होते? खुर्ची, टेबल, संगणक, आणि समोर रेशनकार्ड घेऊन उभी असलेली माणसे. या माणसांच्या हातात झेंडा नव्हता. कुणाला मूत्रपिंडाचा विकार, कुणाच्या घरी कर्करोग. दुसऱ्या राज्याने आपल्या नागरिकाच्या शस्त्रक्रियेचे पैसे भरले तर सार्वभौमत्वाला धक्का कसा बसतो, हे आम्हांला अजून कुणी समजावून दिलेले नाही. कर्नाटकातल्या रुग्णालयांना महाराष्ट्राच्या योजनेचे पैसे मिळणार होते. ते कर्नाटकातच राहिले असते.

पण न्याय करायचा तर दोन्हीकडे करावा लागेल. महाराष्ट्रातल्या राज्यकर्त्यांना सीमाभागाची आठवण कधी होते, याचाही एक पंचांग आहे. अधिवेशन असले, निवडणूक असली, हुतात्मादिन किंवा काळा दिन असला की होते. योजना जाहीर करताना बेळगावात ती राबवणार कशी, कर्नाटक अडवणार हे माहीत असताना पर्यायी वाट कोणती, रुग्णाचा प्रवासखर्च कोण देणार, याचा आराखडा आधी व्हायला हवा होता. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजनेचा विस्तार झाला, संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर गेले, उपचारांची संख्या १३५६ झाली आणि सीमेलगतच्या महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत १४० व कर्नाटकातील चार जिल्ह्यांत १० जादा रुग्णालये योजनेत घेण्याचे ठरले. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून झाला. यादी ठीक आहे. पण कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार होतो आणि आमच्या गावातल्या माणसाने कोणता कागद घेऊन कुठल्या खिडकीवर जायचे, हे सांगणारा एक साधा फलक जांबोटीच्या किंवा कणकुंबीच्या बसथांब्यावर लागलेला आम्ही तरी पाहिला नाही.

आता आपल्या राज्याचे. आपले म्हणण्याला काहींचा आक्षेप असेल. पण कर आम्ही इथे भरतो, मत इथे देतो आणि रेशन इथलेच खातो. १९५६ चा अन्याय हा अन्यायच आहे, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा पडून आहे आणि तो लढलाच पाहिजे. मात्र दावा निकाली निघेपर्यंत आजारपण थांबत नाही, आणि कर्नाटकाची योजना घेतली म्हणून सीमाप्रश्नावरचा हक्क सोडला असे होत नाही. ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण काही गावांत अजूनही अशी समजूत आहे की इथले आरोग्यकार्ड काढले तर उद्या न्यायालयात आपल्याविरुद्ध पुरावा होईल. असे काहीही होत नाही. कार्ड काढा.

कर्नाटकात २०१८ च्या मार्चमध्ये आरोग्य कर्नाटक योजना आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. एपीएल कार्डवाल्याला ठरलेल्या दराच्या फक्त ३० टक्के सरकार देते, तेही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. म्हणजे एखाद्या शस्त्रक्रियेचा सरकारी दर १ लाख असेल तर ३० हजार सरकारचे आणि ७० हजार रुग्णाचे. आता शिनोळीत पांढरे रेशनकार्ड असलेला शेतकरी घ्या. महाराष्ट्रात २०२४ पासून कार्डाचा रंग पाहिला जात नाही, त्याला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तेवढीच जमीन, तेवढेच काजूचे झाड, तेवढाच पाऊस असलेला जांबोटीचा एपीएल शेतकरी मात्र शंभरातले सत्तर स्वतः भरतो. दोघे एकमेकांचे व्याही असण्याचीही शक्यता आहे. सीमेचा अर्थ कुणाला नकाशावर कळतो, आम्हांला तो दवाखान्याच्या बिलावर कळतो.

म्हणूनच बीपीएल कार्ड हे आज केवळ तांदळाचे कार्ड राहिलेले नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात कर्नाटक सरकारने अपात्र ठरवून कार्डे रद्द करण्याचा सपाटा लावला, ओरड झाल्यावर बहुतेकांची कार्डे परत दिली. ज्यांची त्या आठवड्यांत शस्त्रक्रिया ठरली होती त्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल! वृत्तपत्रांत चर्चा झाली ती दहा किलो तांदळाची. कार्डाबरोबर पाच लाखांचे छत्रही जाते, हे फारसे कुणी बोलले नाही.

योजनेत आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे शिफारसपत्राची. साधे उपचार सरकारी दवाखान्यातच घ्यायचे. मोठा आजार असेल आणि सरकारी रुग्णालयात सोय नसेल तर तिथल्या डॉक्टरांनी तसे लिहून द्यायचे आणि मग खासगी रुग्णालयात जायचे. तातडीच्या ठराविक उपचारांना हे पत्र लागत नाही. तत्त्व म्हणून आम्हांला यात गैर वाटत नाही. सरकारी दवाखाने ओस पाडून सारा पैसा खासगीकडे वळू नये, असा त्यामागचा विचार आहे. पण बेंगळूरमध्ये जी पायरी दोन बसथांब्यांची आहे ती घाटमाथ्यावर दोन दिवसांची होते. जांबोटीहून खानापूर वीसेक किलोमीटर, तिथून जिल्हा रुग्णालयासाठी बेळगाव. खानापूरच्या तालुका रुग्णालयात ज्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर भेटत नाहीत त्या दिवशीचा प्रवास फुकट. शिवाय कुसमळीच्या मलप्रभेवरील जुन्या पुलाने गेली काही वर्षे काय त्रास दिला, ते या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको.

या साऱ्यातली खरी मेख मात्र कागदाच्या भाषेत आहे. हा भाषाप्रश्नाचा अंक असल्यामुळे त्यावर थोडे अधिक लिहितो.

आमच्या परिचयातल्या एका घरची हकीकत. गृहस्थाचे नाव ज्ञानेश्वर. आधार कार्ड काढताना त्याच्या मुलाने शाळेच्या दाखल्यावरून इंग्रजी स्पेलिंग सांगितले, ते डी-एन-वाय असे सुरू होते. मराठी माणूस तसेच लिहितो, कारण आपण ज्ञ चा उच्चार तसाच करतो. रेशनकार्डावरचे नाव कानडीत होते. संगणकात त्याचे इंग्रजी करताना ते जे-एन असे झाले, कारण कानडीत ज्ञ तसाच लिहिला जातो. चूक कुणाचीच नाही. पण यंत्राला दोन ज्ञानेश्वर दिसले. रुग्णालयाच्या खिडकीवर त्याला सांगण्यात आले की नाव जुळत नाही, दुरुस्त करून आणा. पोटात मूतखड्याची कळ असलेला माणूस तीन कार्यालये फिरला. तिसऱ्या ठिकाणी त्याला प्रतिज्ञापत्र करायला सांगितले, ते कानडीत टंकलिखित झाले आणि त्यावर त्याने सही केली. काय लिहिले आहे, असे विचारल्यावर म्हणाला, "मी मीच आहे, असं लिवलंय म्हणे."

आम्ही हसलो. तो हसला नाही.

अशी नावे आपल्याकडे कितीतरी आहेत. लग्न होऊन आलेल्या सुनांचे तर विचारूच नका. चंदगड आणि खानापूर या दोन तालुक्यांत रोटी-बेटीचा व्यवहार पिढ्यान्पिढ्यांचा. चंदगडची लेक जांबोटीला दिली की तिचे नाव माहेरच्या महाराष्ट्राच्या रेशनकार्डावरून कमी होईपर्यंत इथल्या कार्डावर चढत नाही, आणि कमी झाल्याचा दाखला मराठीत असल्यामुळे इथल्या कार्यालयात त्याचे भाषांतर मागितले जाते. दरम्यान तिला दिवस जातात. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हणजे तपासण्या सासरी कर्नाटकात, बाळंतपण माहेरी महाराष्ट्रात. इकडे तिला जे गरोदरपणाचे कार्ड मिळते त्याला तायी कार्ड म्हणतात. तायी म्हणजे कानडीत आई. आपल्या बायकांच्या कानाला ते ताई कार्ड वाटते आणि त्या तसेच म्हणतात, ते काही वाईट नाही. पण त्यावरच्या नोंदी पलीकडच्या डॉक्टरला वाचता येत नाहीत. रक्त कमी आहे, रक्तदाब चढला होता, असा मजकूर दुसऱ्या लिपीत असेल आणि बाई अवघडलेली असेल तर तो केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. बेळगावच्या दवाखान्यांत कानडी डॉक्टर आणि परिचारिका मराठी रुग्णाशी मराठीत बोलतात. कित्येक जण आपल्यापेक्षा गोड बोलतात. कळ मारते की ठणकते, भोवळ येते की नुसते गरगरते, यांतला फरक त्यांना कळतो. पिढ्यान्पिढ्या शेजारी राहिल्याचे ते फळ आहे. माणसांमध्ये भांडण नाही. भांडण आहे ते छापील कागदाशी. शस्त्रक्रियेपूर्वीचे संमतिपत्र, योजनेचा अर्ज, पैसे मागितल्यास तक्रार कुठे करायची याचा फलक, हे सारे कानडीत आणि इंग्रजीत. ज्या संमतिपत्रावर आपण जीव दुसऱ्याच्या हाती देतो, ते आपल्याला वाचता येऊ नये?

आणि हे मागणे म्हणजे काही उपकार नव्हेत. एखाद्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात भाषिक अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्के किंवा अधिक असेल तर सरकारी सूचना, नियम आणि परिपत्रके त्यांच्या भाषेतही द्यावीत, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या राष्ट्रीय योजनेत ठरलेले आहे. राज्यघटनेच्या ३५० ब कलमाखाली त्यासाठी आयुक्त नेमलेले असतात आणि बेळगाव जिल्ह्यातल्या या त्रुटीकडे लक्ष वेधले गेले आहे ते काही पहिल्यांदा नव्हे. खानापूर तालुक्यात मराठी भाषकांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या कितीतरी पुढे आहे, याला जनगणनेचा आधार आहे. पाट्यांचा वाद आम्ही आज काढत नाही. दुकानाच्या पाटीवर कोणती भाषा किती टक्के, यावर माणूस मरत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर आणि संमतिपत्रावर मरू शकतो. समितीच्या नेत्यांनी मोर्चाच्या निवेदनात पाट्यांच्या आधी हा मुद्दा घालावा, अशी आमची सूचना आहे. सरकारी वकिलालाही त्याला नाही म्हणणे जड जाईल.

गंमत अशी की दोन्ही राज्यांच्या योजनांत रुग्णालयात मदतीला जो माणूस बसतो त्याचे नाव एकच आहे: आरोग्यमित्र. कानडीतही तोच शब्द, मराठीतही तोच. खानापूर आणि बेळगावच्या रुग्णालयांत बसणाऱ्या आरोग्यमित्राला मराठी वाचता-लिहिता यावे, एवढी अट घातली तरी अर्धे काम होईल. त्याला पैसेही फारसे लागत नाहीत.

निपाणीची गोष्ट थोडी वेगळी आहे. निपाणीकराला कोल्हापूर जवळ आहे, बेळगाव लांब. हाय-वेवरून तासाभरात कोल्हापूरच्या सीपीआरच्या दारात. तिथल्या विडी कामगार बायकांना छातीचे, पाठीचे आजार जडतात, त्या नेहमी कोल्हापूरच गाठत आल्या. त्यांच्यासाठी महात्मा फुले योजना खरोखर उपयोगाची ठरू शकते, कारण रुग्णालय महाराष्ट्राच्या हद्दीत आहे आणि तिथे कर्नाटक काही अडवू शकत नाही. घाटमाथ्यावरच्या माणसाला मात्र महाराष्ट्राचे मोठे रुग्णालय गाठायचे तर आधी बेळगाव, मग चंदगड-गडहिंग्लज करीत पुढे. म्हणून तो वर्षानुवर्षे चोर्ला घाट उतरून बांबोळीला जात असे. गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पूर्वी कुणाला गाव विचारत नसत. २०१८ च्या जानेवारीपासून गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले. गोव्याची दीनदयाळ योजना तिथल्या रहिवाशांपुरती. सिंधुदुर्गातले लोक खवळले, दोडामार्गात मोठे आंदोलन झाले आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारला हालचाल करावी लागली. आमच्या बाजूने कोण बोलणार? आम्ही कर्नाटकाचे म्हणून मुंबईने विचारले नाही, आणि आम्ही मराठी म्हणून बेंगळूरला सुचले नाही. याच घाटाच्या पायथ्याशी सत्तरी आणि दोडामार्गात २०१५-१६ साली माकडतापाने माणसे दगावली. काजूच्या बागांत कामाला कुठल्या राज्याचा मजूर होता, हे गोचीड विचारीत नसते.

खर्चाचेही नीट बोलले पाहिजे, कारण मोफत या शब्दाने फार फसगत होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून देतात. २०१३-१४ साली हे प्रमाण ६४.२ टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली हे मान्य. पण या योजना बहुतांशी दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहेत. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. निदान होईपर्यंतच्या तपासण्या पुष्कळदा बाहेर कराव्या लागतात. सोबत येणाऱ्याचे जेवण, भाड्याची जीप, बुडालेली मजुरी, घरी दावणीला बांधलेल्या म्हशीचे कोण पाहणार, हे कुठल्याच सरकारी दरपत्रकात नाही. आणि भातलावणीच्या पंधरवड्यात माणूस आडवा झाला तर वर्षाचे पीक जाते. त्याची किंमत शस्त्रक्रियेपेक्षा जास्त असते.

मग खासगी विमा? बेळगावात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलांनी तो जरूर घ्यावा. २०२५ च्या सप्टेंबरात वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढला गेला, एवढा दिलासा आहे. पण साठीच्या पुढच्या जोडप्याचा हप्ता पाहिला तर डोंगराळ जमिनीच्या वर्षाच्या उत्पन्नाशी तो स्पर्धा करतो. उद्यमबागच्या फाउंड्रीत काम करणाऱ्यांना ईएसआय आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो आणि घरच्या अवलंबितांनाही उपचार मिळतात. पण कंत्राटदाराकडची पोरे हजेरीपटावरच नसतात, तिथे कुठले ईएसआय? कापले जाते की नाही, हे प्रत्येकाने पगाराच्या चिठ्ठीवर पाहावे. चिठ्ठीच मिळत नसेल तर उत्तर तिथेच मिळाले.

आम्हांला स्वतःला यशस्विनी योजना फार जवळची वाटते. एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री असताना, २००३ साली, सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी ती सुरू झाली. माणशी महिना ५ रुपये. तेवढ्या पैशांत हृदयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. सरकारने खैरात केली नव्हती. शेतकऱ्याने पैसे भरले होते, म्हणून तो खिडकीवर मान वर करून उभा राहत असे. २०१८ साली ती आरोग्य कर्नाटकात विसर्जित झाली आणि २०२२ च्या अखेरीस पुन्हा सुरू करण्यात आली. आता ग्रामीण भागातल्या चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये आणि उपचारांची मर्यादा ५ लाख. ज्यांचे कार्ड एपीएल आहे त्यांच्यासाठी तर हाच खरा आधार आहे. गावच्या कृषी पतसंस्थेत, दूध संघात तुम्ही सभासद असाल तर ती तुमचीच. पण नोंदणीची मुदत ठराविक महिन्यांपुरती असते, आणि ती केव्हा सुरू झाली व केव्हा संपली हे सभासदाला मुदत संपल्यावर कळते. कारण परिपत्रक कानडीत येते, सेक्रेटरीच्या टेबलावर पडते आणि तिथेच राहते. येथे आम्ही बेंगळूरला दोष देणार नाही. सेक्रेटरी आपला, चेअरमन आपला, संचालक मंडळ आपले. निवडणुकीत मराठी अस्मितेवर निवडून आलेल्या मंडळाने एक कागद मराठीत करून फळ्यावर चिकटवायला कुणी हात धरला होता?

जांबोटी भागातल्या सोसायट्यांच्या संचालकांना आमची विनंती आहे की येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर यशस्विनीचा विषय घ्यावा आणि नोंदणीची तारीख दवंडी देऊन सांगावी. तरुण मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीला घरोघर जाताना एक वही बरोबर न्यावी. आधारवरचे नाव, रेशनकार्डावरचे नाव, दोन्हींतली अक्षरे जुळतात का, सुनेचे नाव चढले आहे का, कार्ड बीपीएल की एपीएल, एवढेच लिहून आणावे. ज्यांच्या नावांत घोळ आहे त्यांचे अर्ज माणूस धडधाकट असतानाच टाकावेत. खानापूरच्या तहसीलदार कार्यालयात एका माणसाला जे तीन खेटे पडतात ते चाळीस माणसांचे काम एकत्र नेले तर एका खेपेत होते, असा आमचा अनुभव आहे. महाराष्ट्राच्या योजनेच्या यादीतली कोल्हापूर, गडहिंग्लज भागातली कोणती रुग्णालये कुठले उपचार करतात, याची माहिती आमच्या कार्यालयात मिळवण्याचे काम चालू आहे. पडताळून झाली की ती याच पानावर, एका आड एक दिवस, छापू. ज्यांना त्याआधी गरज असेल त्यांनी रेशनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स घेऊन कार्यालयात यावे. शनिवारी जांबोटीहून बाजाराला येणाऱ्यांसाठी आमचा एक माणूस दुपारी दोनपर्यंत बसेल.